टोचनचे पैसे

सातारा, बुधवार

चि. सोन्या,

कॉलरबोनला प्लेट घालावी लागणार नाही, पट्ट्यावर भागेल, हे ताईकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. तुझ्या हेल्मेटला गेलेला तडा फोटोत पाहिला. तो डोक्यावर गेला नाही, बाकी सगळं भरून येईल. आता तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोबद्दल, म्हणजे अपघातानंतर तुझी गाडी नेणाऱ्या त्या शिरवळजवळच्या यार्डवाल्याच्या चिठ्ठीबद्दल लिहिते. फोनवर बोलले असते, पण गोळ्यांच्या गुंगीत तुझ्या लक्षात राहणार नाही आणि हे तुला दोन-तीनदा वाचावं लागणार आहे.

तू म्हणतोस, एक रुपया देणार नाही. ताई म्हणते, मागतोय तेवढे फेकू आणि गाडी आणू. दोघांचंही मला पटत नाही. तू अडून बसलास तर दर दिवसाला बिल चढेल. ताईनं गपचूप सगळे दिले तर ते परत मागायला हातात काही उरणार नाही. गाडी लवकर सोडवायची आणि भांडण कागदावर जिवंत ठेवायचं, असं माझं म्हणणं आहे. ते कसं, ते नीट ऐक.

आधी ती चिठ्ठी. वहीचं पान, वर नाव नाही, पत्ता नाही, नंबर नाही, शिक्का नाही. तुझ्या गाडीचा नंबर आहे, त्यातलाही एक आकडा चुकलाय. खाली लिहिलंय: गाडी उचलणे ४,५००, वाहतूक ३,०००, लेबर १,०००, इतर १,५००, पार्किंग ६०० रोज. मंगळवार संध्याकाळपर्यंत ११,८००. म्हणजे रविवारची रात्रसुद्धा त्यानं पूर्ण दिवस म्हणून धरली. आता एकेक ओळ बघ. ‘गाडी उचलणे’ आणि ‘लेबर’ हे एकच काम आहे, दोन माणसांनी गाडी उचलून पिकअपमध्ये घातली, त्याचे पैसे दोनदा लावलेत. ‘इतर’ म्हणजे काय, ते त्यानंच सांगायला हवं. ज्या खर्चाला नाव नाही तो द्यायचा नाही. वाहतूक खरी आहे. बोगद्यापुढच्या त्या ‘एस’ वळणापासून शिरवळपर्यंत गाडी कोणीतरी नेली, डिझेल जाळलं. आमच्या इथल्या ओळखीच्या पिकअपवाल्याला मी आज विचारलं. दीडशे सीसीची दुचाकी, रविवारची रात्र, दोन माणसं, हे सगळं धरून तो दोन हजार म्हणाला. तू पण शिरवळच्या एक-दोन पिकअपवाल्यांना आणि तुझ्या सर्व्हिस सेंटरला भाडं विचार. तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर विचार, म्हणजे उत्तर लेखी येईल. वाजवी दर किती, हा प्रश्न उद्या कोणीही विचारला तरी तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

एक गोष्ट मात्र मनात पक्की धर. काहीतरी देणं लागतोच आपण. ‘मी बोलावलंच नव्हतं’ एवढ्यावर सुटका नाही. १८७२ च्या करार कायद्यात ७० वं कलम आहे: एखाद्यानं फुकट करण्याचा हेतू नसताना तुझ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं आणि त्याचा फायदा तू घेतलास, तर त्याची भरपाई तुला द्यावी लागते. त्या अंधाऱ्या वळणावर कंटेनर आणि ट्रक भरधाव खाली येत असताना तुझी गाडी लेनमधून बाजूला घेणाऱ्या माणसांनी जीव धोक्यात घातला होता. गाडी तिथंच पडून राहिली असती तर मागून येणारा आणखी एखादा पोरगा तिच्यावर आदळला असता. त्यांचे कष्ट खरे आहेत आणि त्यांना त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण कायदा भरपाई म्हणतो. तोंडाला येईल तो आकडा म्हणजे भरपाई नव्हे.

म्हणून पहिली चौकशी तुझ्या मित्रांकडे कर: पिकअप कोणी बोलावला? पोलिसांनी, टोल नाक्याच्या लोकांनी, की तुमच्यापैकीच कोणी ‘हो, न्या’ म्हणालं? पोलिसांनी हलवायला सांगितली असेल तर मोटार वाहन कायद्याचं १२७ वं कलम टोचनचा खर्च मालकावर टाकतं. पण मग तसा हुकूम कोणी दिला, त्याची नोंद ठाण्यात असायला हवी. मित्रानं हो म्हटलं असेल तर दर सांगितला होता का, हे त्याच्याकडून आजच लिहून घे. आठवड्यानं त्याला आठवणार नाही.

आता पार्किंग. सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. उचलायचे पैसे एकदा ठरले की ठरले, पण हे ६०० रोज तू झोपेत असतानाही चढतात. तुझ्या गाडीला पाच वर्षं होत आली. असंच काही महिने चाललं तर गाडीच्या किमतीएवढं भाडं होईल आणि मग ‘गाडीच ठेवून घ्या’ म्हणायची पाळी येते. अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या लोकांतले कितीतरी जण इथंच हरतात. त्यांना वाटतं, आधी इन्शुरन्सचं बघू, मग पोलिसांचं, मग यार्डात जाऊ. तोवर बिल दुप्पट झालेलं असतं.

तो म्हणेल, पैसे मिळेपर्यंत गाडी अडवायचा मला हक्क आहे. पूर्ण खोटं नाही ते. करार कायद्याच्या १७० व्या कलमात असा हक्क आहे, पण त्याला कुंपण आहे. ताब्यात दिलेल्या वस्तूवर ज्यानं श्रम किंवा कौशल्य खर्च केलं, तो त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेऊ शकतो. कायद्यातच उदाहरण दिलंय ते जवाहिऱ्याचं: कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा अडवू शकतो. गाडी उघड्यावर नुसती उभी ठेवण्यात कसलं आलंय कौशल्य? उचलण्याच्या पैशांसाठी तो हक्क सांगेल, त्यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. पण कुणी मान्य न केलेल्या भाड्यासाठी, नि ‘इतर’साठी, गाडी अडवणं मला कायद्यात बसताना दिसत नाही.

हे भाडं थांबवायला आजच त्याला लेखी कळवायचं. तो वापरतो तोच व्हॉट्सअ‍ॅप नंबर चालेल, शिवाय यार्डाचा पत्ता मिळवून त्यावर स्पीड पोस्टानं. असं लिही:

‘माझी मोटारसायकल क्र. अमुक रविवारी रात्रीपासून आपल्या ताब्यात आहे. ती ठेवण्यासाठी रोजचं भाडं मी कधीही मान्य केलेलं नाही. उचलण्याचा व वाहतुकीचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे. कृपया आपलं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक असल्यास तो, आणि प्रत्येक कामाचा दर लिहिलेलं बिल द्यावं. पोलिसांची औपचारिकता पूर्ण होताच मी गाडी घेऊन जाणार आहे. यापुढं आपण स्वतःहून गाडी ठेवून घेतल्यास त्या दिवसांचं भाडं मी देणं लागणार नाही. गाडीचा कोणताही भाग काढू नये, दुरुस्ती सुरू करू नये.’

शेवटचं वाक्य विसरू नकोस. अशा यार्डाला लागून बहुतेक वेळा गॅरेज असतं. ‘इथंच करून देतो, क्लेम पण आम्हीच बघतो’ असं गोड बोलून कोऱ्या जॉबकार्डावर सही घेतात. एकदा इंजिन उघडलं की गाडी हलवणं अवघड होऊन बसतं.

पोलिसांची औपचारिकता म्हटलं, त्याचं कारण सांगते. तुला डावीकडं दाबणाऱ्या कंटेनरचा नंबर मित्राच्या हेल्मेट कॅमेऱ्यात आलाय म्हणतोस. हे फार मोलाचं आहे. म्हणजे हा नुसता घसरून पडल्याचा मामला नाही. दवाखान्यानं एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) केलेली आहे, तुझा जबाब अजून व्हायचाय आणि तुझी गाडी हा पुरावा आहे. तेव्हा पोलिसांना विचारल्याशिवाय ती हलवायची नाही, रंगाचा ओरखडासुद्धा पुसायचा नाही. कंटेनरचा रंग तुझ्या हॅण्डलच्या टोकाला लागलेला असला तर तपासात तोच कामाला येईल. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथल्या अंमलदारांना फोन करून तुझी अवस्था सांग. तुला प्रवास जमत नाही, तर जबाब कुठं घेता येईल ते विचार. जबाबात दोन गोष्टी आल्याच पाहिजेत: कंटेनरचा नंबर आणि गाडी आत्ता कोणाच्या यार्डात आहे. मग पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी लवकर व्हावी, असा अर्ज दे आणि त्याची पोचपावती घे. मोटार वाहन कायद्याच्या १३६ व्या कलमानुसार, तपासणीसाठी गाडी नेली तर कुठं नेली ते मालकाला कळवावं लागतं आणि औपचारिकता संपल्यावर चोवीस तासांत ती परत द्यावी लागते.

यार्डवाला तुझ्या मित्राला म्हणाला ना, ‘पोलिस केस आहे, गाडी आता सुटायची नाही’? त्याला घाबरू नकोस. गाडी खरंच जप्त झालेली असेल तर तसा पंचनामा असतो, आणि मग ती यार्डवाल्याची नसते, मुद्देमाल असतो. तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज करून ती सुपूर्तनाम्यावर सोडवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की वाहनं ठाण्याच्या आवारात दिवसेंदिवस सडत ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाला द्यावीत. तशी वेळ आली तर अर्ज मी करेन, तू काळजी सोड. आणि जप्ती नसेल, तर तपास झाल्यावर ‘गाडी मालकाच्या ताब्यात देण्यास हरकत नाही’ एवढी ओळ ठाण्याकडून लेखी मिळव. ती हातात असली की यार्डवाल्याचा आवाज खाली येतो.

इन्शुरन्सबद्दल तुझा एक गैरसमज दूर करते. कंपनी टोचनचे सगळे पैसे देईल असं धरून तू निवांत आहेस. पॉलिसी काढून वाच. दुचाकीच्या पॅकेज पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा वाजवी खर्च देण्याची अट असते, पण दुचाकीसाठी तिची ठरलेली मर्यादा एका अपघाताला ३०० रुपये आहे. हो, तीनशे. हा आकडा इतका जुना झालाय की त्यात आज शेजारच्या गल्लीतसुद्धा कोणी गाडी नेणार नाही, आणि तो कधीच बदलायला हवा होता. थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तेवढेही नाहीत. पण तू गेल्या वर्षी नूतनीकरण करताना रोडसाइड असिस्टन्सचं कलम घेतलं होतंस का, ते बघ. घेतलं असेल तर शिरवळहून पुण्याला गाडी आणण्याचं काम त्यांच्याकडूनच होऊ शकतं, किती किलोमीटरपर्यंत ते त्यात लिहिलेलं असतं. कंपनीला अपघाताची खबर मात्र आजच दे. सर्व्हेअरला गाडी आत्ता आहे तशी दिसू दे. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. त्यामुळं नुसत्या यार्डाच्या रागानं घाईघाईत कुणाला गाडी भंगारात विकून टाकू नकोस. क्लेमचा निर्णय लागू दे.

आता पैसे द्यायचे कसे. मला यावरच जास्त बोलायचंय.

वाजवी रक्कम देऊ करूनही तो गाडी सोडायला तयार नसेल, तर मागेल तेवढे देऊन गाडी घ्या. हो, मीच सांगतेय. पण पैसे देण्याआधी, आधीच, त्याच्या मोबाइलवर हा मजकूर गेलेला हवा: ‘आपण मागितलेली रक्कम अवाजवी आहे अशी माझी हरकत आहे. केवळ गाडी अडवून ठेवल्यामुळं नाइलाजानं, जादा रक्कम परत मागण्याचा हक्क राखून, मी ती देत आहे.’ पैसे रोख द्यायचे नाहीत. यूपीआयनंच, आणि त्यात शेरा लिहायचा: ‘हरकत राखून’. पावतीवर तो सही करत असेल तर त्याच्याशेजारी हेच शब्द तुमच्या हातानं लिहायचे. पावती देत नसेल तर ‘पावती नाकारली’ असा मेसेज तिथंच उभं राहून पाठवायचा.

‘हरकत राखून’ या दोन शब्दांत काय ताकद आहे ते बघ. करार कायद्याचं ७२ वं कलम सांगतं की दबावाखाली दिलेला पैसा परत करावा लागतो. आणि १५ व्या कलमात कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवणं हाही दबावच धरलाय. ७२ व्या कलमाखालचं उदाहरण तर जणू तुझ्यासाठीच लिहिलंय. एक रेल्वे कंपनी बेकायदा जादा भाडं भरल्याशिवाय माल सोडत नाही. मालाचा धनी माल हवा म्हणून ते भरतो. कायदा म्हणतो, जेवढं बेकायदा जास्त घेतलं तेवढं परत मिळवण्याचा त्याला हक्क आहे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हाच प्रसंग होता: माणूस अडलेला आहे, वस्तू समोरच्याच्या हातात आहे, आणि तो पैसे मोजतोय. पैसे दिलेस म्हणजे मागणी मान्य केलीस असं होत नाही. पण हरकतीची नोंद नसली तर उद्या तो म्हणेल, खुशीनं दिले, आणि ते खोडायला तुला घाम फुटेल.

गाडी आणायला तू जायचं नाहीस. मोडलेल्या हाडाला एक धक्का पुरे. सुनीलमामा आणि तुझा तो कॅमेरावाला मित्र जाऊ देत, दिवसाउजेडी, आपला पिकअप बरोबर घेऊन, म्हणजे ‘गाडी आम्हीच पोचवतो’ हा आणखी एक खर्च उरत नाही. बरोबर अधिकारपत्र, आरसीची प्रत, तुझ्या आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत. मामांना सांग, तिथं आवाज चढवायचा नाही. ‘दादा, रात्री तुम्ही माणसं लावून गाडी काढलीत, उपकार झाले, कामाचे पैसे घ्या, पण हिशेब नीट लावू’ अशी सुरुवात केली तर निम्म्या वेळा आकडा तिथंच उतरतो. यार्डवाल्यालाही रोज त्याच हायवेवर धंदा करायचाय, पोलिस आणि वकील मागं नको असतात त्याला. पिकअपमध्ये घालण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो, मीटरचं रीडिंग, चॅसिस नंबर. बॅटरी, आरसे, सीटखालची कागदपत्रं आहेत का बघायचं. काही गेलं असेल तर तिथंच लिहून घ्यायचं, घरी येऊन नाही.

पैसे जास्त गेले तर पुढं काय, ते थोडक्यात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तू राहतोस तिथं, म्हणजे पुण्यातच, तक्रार करता येते, ऑनलाइन दाखल होते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो म्हणेल, हा माझा ग्राहकच नाही, यानं मला बोलावलंच नाही. म्हणून तर ती पावती आणि यूपीआयची नोंद जपायची.

आणि कंटेनरवाल्याची चूक सिद्ध झाली, तर हा सगळा भार त्याच्या विमा कंपनीवर टाकता येतो. अपघात दावा न्यायाधिकरणात इजेबरोबर मालमत्तेच्या नुकसानीचीही भरपाई मागता येते. टोचन, पिकअप, दुरुस्ती, सगळं त्यात येतं, पण फक्त ज्याची पावती आहे तेच. कायद्यानं या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय. ती माझ्या डायरीत मी लिहून ठेवलीय.

तुमच्या रायडिंग ग्रुपला एक सांग. तुमच्यापैकी कुणालाही १०३३ माहीत नव्हता याचं मला फार वाईट वाटलं. राष्ट्रीय महामार्गाची ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे. रुग्णवाहिका, गस्तीची गाडी, क्रेन त्यावरून मागवता येते. दुचाकीला टोल नसला तरी ही सोय दुचाकीस्वारालाही आहेच. जखमी माणसासाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ लावून झाला की तिसरा फोन हाच. रस्त्यावर कोणी अनोळखी पिकअपवाला पुढं आला, तर गाडी उचलण्याआधी तीन प्रश्न: किती घेणार, कुठं नेणार, तिथं ठेवण्याचे किती? उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. एक जण रुग्णवाहिकेत जातो, तर दुसऱ्यानं गाडीजवळ थांबायचं, पण रस्त्यात नाही, कठड्याच्या बाहेर.

तर आता तुझ्याकडून मला आज रात्रीपर्यंत हवंय: आरसी, पॉलिसीची सगळी पानं (फक्त पहिलं नाही), एमएलसीचा कागद, मित्राच्या कॅमेऱ्याचं मूळ फुटेज न कापता, आणि यार्डवाल्याचे सगळे मेसेज. एकही डिलीट करू नकोस, तुझे रागाचे असले तरी. भाड्याबद्दलचा वरचा मेसेज तू आजच पाठव. अंमलदारांशी उद्या सकाळी मीही बोलते. अधिकारपत्राचा मसुदा सोबत आहे. उजवा हात गळ्यात आहे, तर डाव्यानं वेडीवाकडी सही करू नकोस. बँकेतल्या सहीशी जुळली नाही तर उगाच शंका निघते. अंगठा उठव, खाली ताई आणि शेजारच्या काकांच्या साक्षीच्या सह्या घे, आणि मूळ कागद मामांच्या हाती दे.

तुझी,
मावशी